स्वादुपिंडाच्या रुग्णांसाठी आठवड्याचे दोन तास
(लखनौच्या मराठी समाजाला खुले पत्र)

लखनौच्या मराठी समाजाचे सर्व पदाधिकारी, चौकातले गलाई व्यावसायिक बंधू आणि नोकरी-शिक्षणासाठी या शहरात राहणारे सगळे मराठी भाऊबहीण यांना,



एकदा गणेशोत्सवाच्या बैठका सुरू झाल्या, वर्गणीची पावतीपुस्तकं छापून आली की कुणालाच सवड राहत नाही, म्हणून हे पत्र त्याआधीच लिहिते आहे. मागणं स्वादुपिंडाच्या रुग्णांसाठी आहे. रायबरेली रोडवरची संजय गांधी संस्था, जिला सगळं लखनौ पीजीआय म्हणतं, आणि चौकाला लागूनच असलेलं किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, या दोन ठिकाणी हे रुग्ण गोंडा-बहराइचपासून बलिया-देवरियापर्यंतच्या जिल्ह्यांतून, बिहारमधून, नेपाळच्या तराईतून येतात. त्यांच्या पाठीशी उभी राहील अशी स्वयंसेवकांची फळी बांधायची आहे. आम्ही काही जण जमेल तसं हे काम करतो, पण ते चार टाळक्यांनी पेलण्यासारखं राहिलेलं नाही.

स्वादुपिंडाचं नाव आपल्या घराघरांत पोचलं ते मनोहर पर्रीकरांच्या आजारपणात. नाकात नळी असताना जानेवारी २०१९ मध्ये गोव्याच्या विधानसभेत अर्थसंकल्प मांडणारे पर्रीकर आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिले, आणि १७ मार्चला ते गेले. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. पण कर्करोग हे या अवयवाचं एकच दुखणं झालं. पीजीआयच्या पोटविकार विभागाबाहेर तासभर बसलात तर त्याहून कितीतरी अधिक माणसं दुसऱ्या दोन दुखण्यांची दिसतील, आणि त्यांच्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पसरलेला हा वीतभर लांबीचा अवयव. रोज लिटर-दीड लिटर पाचकरस तोच तयार करतो आणि रक्तातली साखर सांभाळणारं इन्शुलिनही तोच. त्याला अचानक सूज आली की आतड्यात जाऊन काम करायचा पाचकरस जागच्या जागीच जागा होतो आणि स्वादुपिंडालाच पचवू लागतो. कळ बेंबीच्या वर उठते आणि आरपार पाठीत जाते. रुग्णाला उताणं झोपवत नाही. तो उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकून बसतो, रात्रभर तसाच बसतो. वॉर्डात शिरल्यावर कोण कसं बसलं आहे एवढ्यावरून आता मला यातला रुग्ण ओळखू येतो.

अशी सूज येण्याची मोठी कारणं दोन, पित्ताशयातले खडे आणि दारू. गंगेच्या या खोऱ्यात पित्ताशयातल्या खड्यांचं प्रमाण आधीच मोठं आहे, बायकांत तर फारच. दहातले आठ रुग्ण आठवडाभरात सावरून घरी जातात. उरलेल्या दोघांचा आजार मात्र चिघळतो. स्वादुपिंडाचा काही भाग मरतो, त्यात पू होतो आणि आयसीयूतले आठवडे मोजायची वेळ येते. त्या काळात बाहेरच्या व्हरांड्यात चटई टाकून बसलेला मुलगा किंवा नवरा काय खातो, कुठे अंघोळ करतो, गावाकडचा गहू कोण कापतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. इथे अशा माणसाला तीमारदार म्हणतात. आजारपण जितकं रुग्णाचं, तितकंच तीमारदाराचं.

जे आठ जण सावरून घरी जातात, त्यांच्याबाबतीत मला एका गोष्टीची फार तळमळ आहे. खड्यामुळे सूज आली असेल तर दुखणं उतरल्यावर लवकरात लवकर, शक्यतो त्याच मुक्कामात, पित्ताशय काढून टाकावं असं जगभरचे डॉक्टर सांगतात. नाहीतर पुढचा खडा घसरायची वाट पाहायची, आणि पुढचा झटका साधाच असेल याची हमी कोण देणार? तारीख पुढची मिळते, तोवर पोट दुखायचं थांबलेलं असतं. घरात कुणाचं तरी लग्न निघतं, किंवा धानाची रोवणी तोंडावर येते. ‘अब तो ठीक है’ असं म्हणून सूनबाईचं ऑपरेशन राहून जातं आणि काही महिन्यांनी त्याच सूनबाईला स्ट्रेचरवरून आणावं लागतं. तिथे डॉक्टर काय करणार? हजारो चिठ्ठ्यांतून ती एक चिठ्ठी कुणाच्या लक्षात राहील? पण एक स्वयंसेवक वहीत दहा नावं लिहून आठवड्याला एकेक फोन करू शकतो: तारीख मिळाली का, आलात का, गाडीची अडचण आहे का. एवढ्याने जीव वाचतो. याला ना पदवी लागते ना पैसा.

दुसरं दुखणं जुनाट सुजेचं, आणि खरं सांगायचं तर या पत्राचं मूळ तेच आहे. यात स्वादुपिंड हळूहळू वाळतं, त्याच्या नलिकेत खडे धरतात. दारू-तंबाखूने हे होतंच, पण आपल्या देशात थेंबभर दारू न प्यालेल्या तरुण मुलामुलींनाही ते होतं. केरळचे डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात अशा शेकडो रुग्णांचा अभ्यास मांडला आणि जगाला हा आजार नीट कळला. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतल्या शास्त्रज्ञांनी स्पिंक-१ या जनुकातल्या बदलाशी त्याचा संबंध असल्याचं दाखवलं. म्हणजे कितीतरी जण तो बदल जन्मत:च सोबत घेऊन येतात. तरीही गावात बोभाटा होतो की पोरगा पीत असणार. पोटदुखीने कळवळणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला घरचेही संशयाने बघतात. मुलगी असेल तर लग्नाच्या बाजारात आजार लपवायचा आणि त्यासाठी औषधंही लपूनछपून घ्यायची. आणि जो खरोखर पीत होता त्याची तरी गत काय? त्याला लाज वाटते, तो डॉक्टरला खरं सांगत नाही आणि व्यसन सोडायला कुणाची मदत मागत नाही. या दोघांशीही न रागावता, न उपदेश करता बोलणारं माणूस हवं असतं.

बहराइचकडचा असाच एक मुलगा. वजन उतरलेलं, डोळे खोल गेलेले. पोट बिघडलेलं असे, शौचाला तेलकट, चिकट होई आणि ते सांगायला तो लाजे. स्वादुपिंडाचा पाचकरस आटला की अन्नातली चरबी पचत नाही, तिचा हा परिणाम. त्यावर पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल असतात, बाहेरून दिलेला पाचकरसच तो. डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या, बापाने उसनवारी करून आणल्याही होत्या. गुण मात्र काडीचा नव्हता. आमच्यातल्या एका बाईंनी सहज विचारलं, “गोली कब खाते हो?” तो म्हणाला, “सुबह, खाली पेट.” गोळी म्हटली की उपाशीपोटी, असं त्याला वाटत होतं. ही कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्यायची असते, पहिल्या घासांसोबत, न चावता. दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. अन्नाशी गाठ पडली नाही तर तिचा उपयोग शून्य. बाईंनी त्याच्या डब्यातली पोळी पुढे ठेवली, दोन घास खाऊ घातले, मग कॅप्सूल हातात दिली. “रोज़ ऐसे ही,” म्हणाल्या. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा गालांवर थोडं मांस दिसत होतं. डॉक्टरांचं औषध बरोबरच होतं. ते कसं घ्यायचं हे त्याच्या भाषेत, त्याच्या ताटासमोर बसून सांगणारं कुणी नव्हतं, इतकंच.

अशा गोष्टी शिकवायला कितीतरी आहेत. या कॅप्सूल २५ अंशांखाली ठेवाव्या लागतात आणि इथला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याच्या खोलीत खिडकीवर ठेवलेली डबी निकामी होते. या आजारात होणारा मधुमेहही वेगळा असतो. साखर वर जाते तशी एकाएकी खालीही घसरते, म्हणून इन्शुलिन घेणाऱ्याच्या खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा हवाच. घरचे लोक मायेपोटी तूप-तेल पार बंद करतात आणि आधीच हाडाचा सापळा झालेलं पोर आणखी वाळतं. कॅप्सूल नीट चालू असतील तर बहुतेकांना पोटभर साधं जेवण जेवता येतं, हे आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आणखी एक नाजूक बाब. बाजारात मिळणाऱ्या या कॅप्सूल बहुतेक डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या असतात. लखनौत ही गोष्ट लपवून चालणार नाही आणि लपवू नयेच. बाराबंकीकडच्या एका विणकर घरातल्या बाईंना शेजारणीकडून हे कळलं आणि त्यांनी डबी फेकून दिली. आमच्यातले एक वयस्क गृहस्थ त्यांच्या नवऱ्यासोबत बसले, दोघे मिळून त्यांच्या मशिदीतल्या मौलानांकडे गेले. दुसरा इलाज नसेल आणि जिवाचा प्रश्न असेल तर मुभा आहे, असं उत्तर मिळालं आणि औषध पुन्हा सुरू झालं. शाकाहारी हिंदू-जैन घरांतही हाच पेच येतो. माणसाला खरं सांगायचं, त्याच्या श्रद्धेचा मान ठेवायचा आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा, हे आम्ही यातून शिकलो.

पैशाचं म्हणाल तर आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचा रुग्णालयातला खर्च तिच्यात होतो आणि तिच्यामुळे असंख्य घरं तरली आहेत. पण ती भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. घरी गेल्यावर पंधरा दिवसांपुढचं औषध ज्याचं त्याने बघायचं. कॅप्सूल तर जन्मभर, दर जेवणाला. महिन्याचा खर्च हजारांत जातो. ज्या घरात महिन्याची कमाईच आठ-दहा हजार, तिथे ‘आज दुखत नाही, आज नको’ असं होणारच. या खिंडीत कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, आणि सरकारनेही या कॅप्सूल मोफत औषधांत आणाव्यात असा आग्रह आपण धरला पाहिजे. तो आग्रह चार एकट्या माणसांनी धरला तर कुणी ऐकत नाही, संस्थेने धरला तर निदान कागद पुढे सरकतो.

कर्करोगाबद्दल थोडंच लिहिते. तो उशिरा कळतो, निदानाच्या वेळी पाचातल्या एखाद्याचंच ऑपरेशन होऊ शकतं आणि अमेरिकेतसुद्धा पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम १३ टक्के आहे. पण इथे निदानाआधीचा वेळ कधी कधी त्यातून होणाऱ्या काविळीच्या झाडफुंकीत गेलेला असतो. गळ्यात माळ, हातावर औषध, आणि दीड-दोन महिने. आपल्या गावाकडे काविळीचं औषध देणारे आहेत तेच इथे आहेत. पन्नाशीपुढच्या माणसाला न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन उतरू लागलं तर आधी सोनोग्राफी, हे एवढं वाक्य आपण मंडपात, भाजीबाजारात, भट्टीवर बोलू लागलो तरी पुष्कळ झालं. आणि ज्याला बरं करता येत नाही त्याच्या वेदना थांबवता येतात. त्याचा हात धरून बसायला माणूस लागतं.

आता तुम्हीच का, ते सांगते. सांगलीच्या खानापूर-आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून आपले गलाईवाले जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा घेऊन देशभर पसरले. लखनौच्या चौकातल्या सराफ्यातही ते पोचले. गावाकडून नवं पोरगं आलं की त्याला खोली, जेवण, काम, सगळं आधीचे लोक देतात. कुणी कुणाला उघड्यावर सोडलं नाही. परक्या शहरात स्टेशनवर उतरल्यावर पोटात कसं होतं हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? पीजीआयच्या फाटकाशी रात्री उतरलेल्या देवरियाच्या माणसाच्याही पोटात तेच होतं. शिवाय तुमच्या दुकानांपासून किंग जॉर्जचं मेडिकल कॉलेज पायी अंतरावर आहे. आणि मोठी बहीण म्हणून एक सांगते, राग मानू नका: भट्टीवर दिवसभर उष्णतेत राबणारी, बायकामुलं गावी ठेवून राहणारी आपली काही पोरं संध्याकाळी बाटली जवळ करतात, तंबाखू तर सर्रास. त्यांच्याही पोटात स्वादुपिंड आहे.

लखनौशी आपलं नातं व्यापारापुरतं कधीच नव्हतं. १९२६ साली पंडित भातखंडे यांनी इथे संगीताचं महाविद्यालय काढलं, पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं वाढवलं, आज ते भातखंडे यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. या शहराला मराठी माणसाने दिलेलं ते देणं शंभर वर्षं टिकलं. रुग्णसेवेचा धडा तर आपल्याला घरातूनच मिळालेला आहे. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आसरा देते; परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. आपल्यापैकी किती जणांचे आईवडील तिथे राहून आले असतील! तिथे निजायला मिळालेल्या गादीचं ऋण इथे फेडता येईल.

लखनौही या बाबतीत मागे नाही. विशालसिंह यांची विजयश्री फाउंडेशन प्रसादम सेवेतून मेडिकल कॉलेजात तीमारदारांना फुकट, मानाने बसवून जेवू घालते. पीजीआयचे तेव्हाचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. गौरदास चौधरी यांनी होप इनिशिएटिव्ह काढून हिपॅटायटिस-बीची माहिती शाळाशाळांतल्या मुलांपर्यंत नेली. एकाच आजाराला वाहिलेलं काम या शहरात रुजतं हे त्यावरून दिसतं. स्वादुपिंडाच्या डॉक्टरांची देशपातळीवर इंडियन पॅनक्रियास क्लब ही संघटना आहे. रुग्णांच्या बाजूने बोलणारं तसं काही हवं. अमेरिकेत १९९९ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी पॅनकॅन ही संस्था निघाली, ती रुग्णांच्या नातेवाइकांच्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर वाढली, तिने संशोधनाला पैसा उभा केला, सरकारदरबारी भांडली. तिथेही सुरुवात मूठभर माणसांनीच केली होती.

काम नेमकं काय, तर आठवड्याचे दोन तास, निदान वर्षभर. एकदा येऊन फोटो काढून जाणाऱ्यांनी कृपया येऊ नये, कारण रुग्ण त्या चेहऱ्याची वाट पाहतो. आधी रुग्णालयाच्या प्रशासनाची रीतसर परवानगी आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम. मग डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांकडून दोन रविवार शिकायचं. आपण औषध सुचवायचं नाही, डोस बदलायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं समजावून द्यायचं. रोख पैसे कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. कॅप्सूल औषधाच्या दुकानातून बिलावर. रुग्णाचं नाव, गाव, व्यसन, आजार, काहीही बाहेर बोलायचं नाही. रुग्णालयांभोवती घुटमळणारे दलाल सेवेचं सोंग घेऊन येतात, त्यांच्यापासून रुग्णाला सावध करायचं आणि आपणही ओळखपत्राशिवाय आत जायचं नाही. बरं होण्याची वचनं द्यायची नाहीत. हे सगळं कडक वाटेल, पण यात ढिलाई झाली तर नुकसान रुग्णाचं होतं.

ज्यांना वॉर्डात जाववत नाही त्यांनाही काम आहे. फोनची वही सांभाळायची, आयुष्मान कार्डाचे आणि मुख्यमंत्री विवेकाधीन कोषाचे अर्ज भरून द्यायचे. तरुणांनी रक्त द्यावं. स्वादुपिंडाच्या ऑपरेशनांना ते पुष्कळ लागतं. आपल्या बायकांनी, ज्या घरी बसून कंटाळतो असं मला दर हळदीकुंकवाला सांगतात, वॉर्डातल्या बायकांशी बोलावं. त्या पुरुष स्वयंसेवकांना शौचाच्या तक्रारी सांगत नाहीत आणि म्हणून त्यांचे उपचार रखडतात.

समाजाच्या कार्यकारिणीकडे माझ्या तीन मागण्या आहेत. यंदाच्या वर्गणीतला दहावा हिस्सा कॅप्सूल निधीला काढावा आणि त्याचा हिशेब मंडपातल्या फलकावर लावावा. चौकात कुणाची वरची खोली रिकामी असेल तर लांबून आलेल्या तीमारदारांना दोन-चार रात्री निजायला द्यावी. आणि उत्सवाच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ ऑर्केस्ट्राऐवजी पोटविकारतज्ज्ञांच्या व्याख्यानाला द्यावी, प्रश्नोत्तरं हिंदीत, म्हणजे शेजारीपाजारीही येतील. तिन्ही जमत नसतील तर खोलीपासून सुरुवात करा. पावसाळ्यात उघड्यावर निजणारी माणसं फार असतात.

ज्यांना यायचं आहे त्यांनी आपली नावं समाजाच्या कार्यालयात द्यावीत. सोबत कोणता वार मोकळा आहे ते लिहावं, आणि अवधी-भोजपुरी कळत असेल तर तेही, कारण पूर्वेकडच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना त्याचा फार उपयोग होतो. गणपतीआधीच्या बैठकीत मी ती यादी मागायला येणार आहे.

आपली,
लखनौत संसार केलेली एक मराठी बहीण